सिमेंटमध्ये घट्ट केलेला किरणोत्सर्गी कचरा जमिनीखाली गेल्यावर त्यातल्या जड धातूंचं काय होतं?

प्रश्न असा आहे: किरणोत्सर्गी कचरा सिमेंटमध्ये घट्ट करून खोल जमिनीखाली पुरला, तर त्यातलं शिसं, कॅडमियम, क्रोमियम, युरेनियम भूजलात उतरेल का? नमुना टीसीएलपी चाचणीत (कचऱ्यातून घातक धातू पाण्यात किती सुटतात ते पाहणाऱ्या अमेरिकी चाचणीत) पास झाला असेल तर तेवढं पुरेसं नाही का? आणि शंका वाटली तर सिमेंटचं प्रमाण वाढवून भागणार नाही का?

आधी थोडक्यात सांगतो. धातू उतरतील, पण जागा नीट निवडली असेल तर फार सावकाश. टीसीएलपी पुरेशी नाही, कारण ती मुळात वेगळ्याच जागेचा विचार करून बनवली आहे. आणि सिमेंट वाढवल्यानं शिशाच्या बाबतीत परिस्थिती बिघडूही शकते. हे तिसरं वाक्य ऐकून बरेच स्थापत्य अभियंते भुवया उंचावतात, म्हणून त्यावर जरा जास्त वेळ घालवणार आहे.

मुळात किरणोत्सर्गी कचऱ्यात जड धातूंची काळजी का करायची? सीझियम-१३७ चं अर्धायुष्य सुमारे ३० वर्षं. ३०० वर्षांत दहा अर्धायुष्यं होतात आणि मूळच्या साठ्यातला जेमतेम हजारावा भाग उरतो. कमी पातळीच्या कचऱ्याच्या बऱ्याचशा साठवणजागा याच हिशेबावर उभ्या आहेत: काही शतकं सांभाळा, मग धोका आपोआप ओसरतो. शिशाला अर्धायुष्य नाही. आज दहा टन पुरलं तर लाख वर्षांनीही ते दहा टनच असतं. युरेनियमची तर दुहेरी अडचण. तो किरणोत्सर्गी आहे, पण युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य साडेचार अब्ज वर्षांच्या घरातलं असल्यामुळे त्याचा किरणोत्सर्ग सौम्य आहे. पिण्याच्या पाण्यात त्याची खरी भीती मूत्रपिंडावरच्या रासायनिक परिणामाची. जागतिक आरोग्य संघटनेची लीटरमागे ३० मायक्रोग्रॅमची मार्गदर्शक मर्यादा याच रासायनिक विषारीपणावरून ठरली आहे. शिशासाठी हा आकडा १० मायक्रोग्रॅम आहे, कॅडमियमसाठी ३.

हे धातू कचऱ्यात येतात कुठून, हेही पाहायला हवं, कारण रूपावर पुढचं बरंच अवलंबून आहे. शिसं येतं संरक्षक विटांमधून, पत्र्यांमधून, हातमोज्यांच्या पेट्यांच्या आवरणातून. कॅडमियम न्यूट्रॉन शोषण्यासाठी वापरलेल्या पत्र्यांमधून आणि नियंत्रण सळ्यांमधून. क्रोमियम जुन्या शीतजलप्रणालीत गंज रोखायला टाकलेल्या क्रोमेटमधून, निकेल स्टेनलेस स्टीलमधून. ॲल्युमिनियमच्या आवरणातलं इंधन नायट्रिक आम्लात विरघळवताना काही ठिकाणी पारा उत्प्रेरक म्हणून वापरला गेला, तो तिथल्या द्रवकचऱ्यात आहे. शिशाची अखंड वीट आणि द्रवात विरघळलेलं शिशाचं नायट्रेट यांना कागदावर एकच रकाना असतो. सिमेंटमध्ये मात्र त्यांची वागणूक अजिबात सारखी नसते. विटेवर गंज चढायला ऑक्सिजन लागतो, आणि साठवणजागा बंद करून पाणी भरलं की पोलादाचा गंज तो ऑक्सिजन संपवून टाकतो. नायट्रेट म्हणून आलेलं शिसं मात्र पहिल्या दिवसापासून छिद्रांतल्या पाण्याशी समतोल साधायला मोकळं असतं.

आता सिमेंट. बहुतेकांच्या डोक्यात सिमेंटचा ठोकळा म्हणजे भिंत: आत कचरा, बाहेर पाणी, मध्ये दगड. प्रत्यक्षात घट्ट झालेल्या सिमेंटच्या घनफळाचा पाव ते तिसरा हिस्सा सूक्ष्म छिद्रांनी व्यापलेला असतो, आणि जमिनीखाली ही छिद्रं पाण्यानं भरलेली असतात. त्यामुळे पाणी आत शिरू न देणं हे सिमेंटचं मुख्य काम नाहीच. आत असलेल्या पाण्याचं रसायन ते ठरवतं, हे त्याचं खरं काम. दाबशक्तीचा आकडा कचऱ्याची पिंपं रचायला, उचलायला लागतो. धातू धरून ठेवण्याशी त्याचा संबंध फारच दूरचा आहे.

त्या पाण्याचं रसायन काळानुसार बदलतं. ताज्या सिमेंटमध्ये सोडियम आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडमुळे छिद्रजलाचा पीएच १३ च्या वर असतो. हे क्षार सहज विरघळणारे, त्यामुळे पाणी सरकू लागलं की आधी तेच वाहून जातात. मग कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे पोर्टलँडाइटचा अंमल सुरू होतो आणि पीएच १२.५ च्या आसपास बराच काळ टिकून राहतो. पोर्टलँडाइट संपल्यावर सिमेंटचा मूळ गोंद, म्हणजे कॅल्शियम-सिलिकेट-हायड्रेट, हळूहळू कॅल्शियम गमावू लागतो. त्याचं कॅल्शियम-सिलिका गुणोत्तर १.७ च्या आसपासून ०.८ पर्यंत उतरतं आणि पीएच १० कडे घसरतो. शेवटी कॅल्साइट, म्हणजे चुनखडीचं खनिज, आणि भूजल उरतं.

प्रत्येक धातूचा धोक्याचा काळ या उतरणीवर वेगळ्या ठिकाणी येतो. म्हणूनच ‘लीचिंग रेट (धातू पाण्यात सुटण्याचा वेग) किती?’ असा एकच आकडा कुणी मागितला तर मी आधी विचारतो, कुठल्या धातूचा आणि कुठल्या काळातला?

शिशापासून सुरुवात करू. शिसं उभयधर्मी आहे. आम्लात विरघळतं, आणि तीव्र अल्कलीतही विरघळतं, कारण तिथे त्याचे ऋणभारित हायड्रॉक्सो संयुक्त आयन बनतात. त्याची विद्राव्यता सर्वांत कमी असते ती पीएच ९ ते १०.५ च्या पट्ट्यात. शुद्ध लेड ऑक्साइड घेतलं तर या पट्ट्यात लीटरभर पाण्यात दहाएक मिलिग्रॅम शिसं उतरतं. पीएच १३ ला तेच प्रमाण कित्येक शे मिलिग्रॅमवर जातं, म्हणजे पन्नास ते शंभर पट. प्रत्यक्ष सिमेंटमध्ये आकडे याहून बरेच कमी येतात, कारण कॅल्शियम-सिलिकेट-हायड्रेटचा प्रचंड मोठा अंतर्गत पृष्ठभाग शिसं अधिशोषून, म्हणजे स्वतःला चिकटवून, धरतो. पण आलेखाचा आकार तोच राहतो: मध्ये खोल दरी, दोन्ही बाजूंना चढ. आणि ताजं सिमेंट नेमकं उजव्या चढावर बसलेलं असतं.

याचा अर्थ आकड्यांत पाहू. समजा साठवणकक्षातून वर्षाला १० घनमीटर पाणी जातं आणि आत १० टन शिसं आहे. पाण्यात लीटरमागे १० मिलिग्रॅम शिसं उतरलं तर वर्षाला १०० ग्रॅम बाहेर जाईल आणि साठा संपायला एक लाख वर्षं लागतील. तेच प्रमाण ५०० मिलिग्रॅम झालं तर वर्षाला ५ किलो, आणि दोन हजार वर्षांत साठा रिकामा. पाणी तेवढंच, शिसं तेवढंच, ठोकळ्याची ताकदही तीच. बदलला तो फक्त पीएच.

ही विद्राव्यतेनं बांधलेली वरची मर्यादा आहे, प्रत्यक्ष अंदाज नव्हे. तरीही सिमेंट वाढवून प्रश्न का सुटत नाही हे यातून दिसतं. सिमेंट वाढवलं की अल्कलीचा साठा वाढतो, पीएच १२.५ च्या वर जास्त काळ राहतो, आणि शिशाला सोयीचा काळ लांबतो. शिशाचा भार मोठा असेल तर मी पोर्टलँड सिमेंट कमी करून त्याजागी झोतभट्टीची मळी, म्हणजे स्लॅग, किंवा फ्लाय ॲश वाढवायला सांगतो. ब्रिटनमध्ये मध्यम पातळीच्या कचऱ्यासाठी स्लॅग आणि पोर्टलँड सिमेंटचं ३:१ ते ९:१ असं मिश्रण अनेक वर्षं वापरात आहे. त्यामागचं सुरुवातीचं कारण मोठ्या ओतकामात उष्णता कमी निघावी हे होतं, पण रसायनाच्या दृष्टीनंही ते मिश्रण चांगलं ठरलं.

कॅडमियमचं जवळजवळ उलटं आहे. त्याचं हायड्रॉक्साइड पीएच ११ च्या आसपास आणि त्यावरही चांगलं अविद्राव्य राहतं, त्यामुळे ताजं सिमेंट कॅडमियमला उत्तम. त्याचा धोका शेवटी येतो, सिमेंट झिजून पीएच ९ च्या खाली गेल्यावर. त्यात भूजल खारं असेल तर क्लोराइडशी कॅडमियमची संयुगं बनतात आणि तो आणखी मोकळा होतो. समुद्राजवळच्या किंवा खोल खाऱ्या पाण्यातल्या साठवणजागेत हे विसरून चालत नाही. निकेल साधारण कॅडमियमच्या बाजूनं वागतो. सिमेंटमधल्या ॲल्युमिनियमशी त्याचे थरदार हायड्रॉक्साइड बनतात, ही जमेची बाजू.

आता टीसीएलपी. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची ही पद्धत क्रमांक १३११. नमुना ९.५ मिलिमीटरच्या चाळणीतून जाईल इतका फोडायचा, वीसपट वजनाच्या ॲसिटिक आम्लाच्या द्रावणात १८ तास गरगर फिरवायचा, गाळायचा, मोजायचा. शिशाची मर्यादा लीटरमागे ५ मिलिग्रॅम, कॅडमियमची १, क्रोमियमची ५, पाऱ्याची ०.२. हे द्रावण घरगुती कचऱ्याच्या डेपोतल्या कुजलेल्या पाण्याची नक्कल आहे. कायद्यानं एखादा कचरा घातक ठरतो की नाही एवढं सांगायला ती चालते. खोल खडकात, सिमेंटच्याच बॅकफिलनं, म्हणजे भरावानं, वेढलेल्या पिंपाभोवती ॲसिटिक आम्ल येणार कुठून?

खरी फसगत यापुढे आहे. सिमेंट त्या आम्लाला निष्प्रभ करतं, आणि अठरा तासांनंतर पीएच कुठे स्थिरावेल हे नमुन्यात सिमेंट किती आहे यावर ठरतं. सिमेंट बेताचं असेल तर द्रावण ९ ते ११ च्या मध्ये येऊन थांबतं, म्हणजे नेमकं शिशाच्या दरीत. आकडा सुंदर येतो, अहवालावर ‘पास’ लागतं. पण तोच नमुना साठवणजागेत १२.५ च्या वरच्या पाण्यात पहिली कित्येक शतकं बसणार आहे आणि तिथे शिशाची वागणूक वेगळी असणार आहे. याच कारणानं सिमेंट वाढवल्यावर टीसीएलपीत शिसं वाढलेलं दिसतं, आणि मग प्रयोगशाळेवर शंका घेतली जाते. प्रयोगशाळा बरोबर असते.

याऐवजी मी पीएचनुसार विद्राव्यता मोजणारी चाचणी मागतो. अमेरिकी पद्धत क्रमांक १३१३ तशी आहे: बारीक केलेल्या नमुन्याचे अनेक भाग करून प्रत्येकात आम्ल किंवा अल्कली वेगवेगळ्या प्रमाणात घालायचं आणि पीएच २ पासून १३ पर्यंतचा आलेख काढायचा. त्या एका आलेखात सिमेंटचं पुढच्या हजारो वर्षांतलं सगळं वय मांडलेलं असतं. जोडीला अखंड ठोकळ्याची टाकीतली चाचणी, क्रमांक १३१५ किंवा तत्सम. या दोन्ही हातात असतील तर टीसीएलपीचा कागद मी फक्त परवान्याच्या फायलीसाठी ठेवतो.

अणुक्षेत्रात जास्त प्रचलित आहे ती एएनएस १६.१ ही अमेरिकी चाचणी. ठोकळा खनिजविरहित पाण्यात ठेवायचा, आधी तासांच्या, मग दिवसांच्या अंतरानं पाणी बदलत जायचं, पूर्ण चाचणी ९० दिवसांची. त्यातून विसरणगुणांक (पदार्थ छिद्रजलातून आपोआप पसरत जाण्याच्या वेगाचं माप) काढायचा आणि त्याच्या लॉगॅरिदमचं चिन्ह उलटून निघतो तो ‘लीचेबिलिटी इंडेक्स’. अमेरिकी अणुनियामक आयोगाच्या मार्गदर्शनात तो किमान ६ असावा असं म्हटलं आहे. ऐकायला भारदस्त वाटतं, पण हिशेब करून पाहा. निर्देशांक ६ असलेला पदार्थ २०० लीटरच्या पिंपाच्या आकारातून, सतत ताज्या पाण्यात बुडवलेला असेल तर, वर्षभरात जवळजवळ निम्मा बाहेर येतो. निर्देशांक ९ असेल तर वर्षाला साधारण २ टक्के, शंभर वर्षांत २० टक्क्यांच्या जवळपास. निर्देशांक १२ असेल तर शंभर वर्षांत अर्ध्या टक्क्याहून थोडं जास्त. गणितात काळाचं वर्गमूळ येतं, म्हणून शंभरपट काळात दहापटच गळती होते.

आकाराचाही मोठा परिणाम होतो. ५ सेंटिमीटर व्यास आणि १० सेंटिमीटर उंचीचा प्रयोगशाळेतला नमुना निर्देशांक ९ असताना ९० दिवसांत सुमारे १० टक्के सोडतो. पिंप वर्षभरातही त्याच्या पाचव्या हिश्शाइतकं सोडतं, कारण घनफळाच्या मानानं त्याचा पृष्ठभाग फार कमी. ‘नमुन्यातून १० टक्के गेलं, म्हणजे पिंपातूनही १० टक्के जाणार’ असा अर्थ काढलेले अहवाल मी पाहिले आहेत.

पण एएनएस १६.१ वरचा माझा मुख्य आक्षेप दुसराच आहे. ही चाचणी गृहीत धरते की पदार्थ छिद्रजलात मोकळा आहे आणि फक्त विसरणानं बाहेर येतो. सोडियम, नायट्रेट, काही अंशी सीझियम यांना हे लागू पडतं. शिसं, कॅडमियम, निकेल हे विद्राव्यतेच्या मर्यादेत अडकलेले असतात. त्यांच्या बाबतीत बाहेरच्या पाण्यात किती उतरेल हे पाण्याच्या आकारमानावर ठरतं: जास्त पाणी घ्या, जास्त सुटेल, आणि गुणांक बदललेला दिसेल. मग तो पदार्थाचा गुणधर्म राहत नाही, चाचणीच्या बादलीचा होतो. जड धातूंसाठी दिलेला निर्देशांक १३-१४ पाहिला की मी मूळ संहतीचे आकडे मागवतो आणि प्रत्येक टप्प्यावर त्या जवळपास सारख्याच आहेत का ते बघतो. सारख्या असल्या तर तिथे विसरण नाही, विद्राव्यता राज्य करते आहे.

क्रोमियमची गोष्ट वेगळी, कारण तिथे पीएचपेक्षा ऑक्सिडीकरणाची अवस्था महत्त्वाची. त्रिसंयुजी क्रोमियम सिमेंटमध्ये जवळजवळ हलतच नाही. षट्संयुजी क्रोमियम क्रोमेट आयन म्हणून असतो. त्याच्यावर ऋणभार, सिमेंटमधल्या बऱ्याच पृष्ठभागांना त्याचं आकर्षण नाही, त्यामुळे तो मोकळा फिरतो. त्याला थोडा आधार एट्रिंगाइट, म्हणजे सिमेंट घट्ट होताना त्यात बनणारं सल्फेटयुक्त खनिज, देतं. सल्फेटच्या जागी क्रोमेट त्या स्फटिकात बसू शकतो. पण एट्रिंगाइट साधारण १०.७ च्या खालच्या पीएचला टिकत नाही. हवेतला किंवा कुजणाऱ्या कागद-कापडातून आलेला कार्बन डायऑक्साइड सिमेंटचं कार्बोनेशन करतो, पीएच उतरतो, एट्रिंगाइट मोडतं आणि धरलेला क्रोमेट, सेलेनेट सुटतो. गंमत म्हणजे याच कार्बोनेशननं छिद्रं कॅल्साइटनं बुजतात आणि शिशाला फायदा होतो. एकाच घटनेनं एका धातूचं भलं आणि दुसऱ्याचं वाईट, हे या विषयात पदोपदी आहे.

क्रोमेटवर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे त्याचं क्षपण करणं, त्याला त्रिसंयुजी रूपात आणणं. स्लॅगमधला सल्फाइड हे काम स्वस्तात करतो. अमेरिकेतल्या सव्हाना रिव्हर इथं मिठाळ द्रवकचऱ्यासाठी वापरतात त्या ‘सॉल्टस्टोन’ मिश्रणाच्या मूळ कृतीत ४५ टक्के स्लॅग, ४५ टक्के फ्लाय ॲश आणि फक्त १० टक्के सिमेंट होतं. स्लॅग तिथं मुख्यतः टेक्नेशियम या दीर्घायुषी किरणोत्सर्गी मूलद्रव्यासाठी आहे, पण क्रोमियमही त्याच दगडात अडकतो. एक अट मात्र लक्षात ठेवावी लागते: ठोकळ्याला पुन्हा ऑक्सिजन मिळत राहिला तर बाहेरच्या थरातली ही क्षपणशक्ती हळूहळू संपते. खोल, पाण्यानं भरलेल्या जागेत ही काळजी कमी. जमिनीलगतच्या, कधी ओल्या कधी कोरड्या होणाऱ्या कक्षात जास्त.

जाता जाता: क्रोमियम मोजताना कचरा न घातलेला कोरा सिमेंटचा नमुना सोबत ठेवा. साध्या सिमेंटमध्येच थोडा विद्राव्य षट्संयुजी क्रोमियम असतो. कामगारांच्या त्वचेला त्रास होतो म्हणून युरोपात २००५ पासून त्यावर किलोमागे २ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. कोरा नमुना नसेल तर सिमेंटचा क्रोमियम कचऱ्याच्या नावावर चढतो.

पारा साध्या सिमेंटमध्ये टाकूच नये. त्याचं ऑक्साइड लीटरमागे सुमारे ५० मिलिग्रॅम विरघळतं आणि पीएच वाढवून त्यात काही फरक पडत नाही. त्याला आधी गंधकाशी बांधून सल्फाइड करायचं, मगच ठोकळ्यात. जस्ताची तक्रार आणखी निराळी. जस्तही उभयधर्मी आहे, पण त्याआधी तो सिमेंटला घट्टच होऊ देत नाही. कणांवर कॅल्शियम आणि जस्ताच्या हायड्रॉक्साइडचं पातळ आवरण चढतं आणि ओतलेलं मिश्रण दिवसेंदिवस ओलं राहतं. बोरेटही तसाच. शिवाय धातुरूप जस्त आणि ॲल्युमिनियम अल्कलीत गंजून हायड्रोजन सोडतात, त्यानं ठोकळ्याला भेगा जातात. अशा कचऱ्याचं वर्गीकरण पिंपात भरण्याआधीच करावं लागतं, नंतर हातात काही राहत नाही.

हे झालं सिमेंटचं आणि धातूचं. साठवणजागेत आणखी एक घटक असतो जो प्रयोगशाळेच्या नमुन्यात सहसा नसतो: सेल्युलोज. कापसाची वस्त्रं, पुसायचे बोळे, कागद, लाकूड. अल्कलीत, ऑक्सिजनशिवाय, सेल्युलोज तुटून आयसोसॅकॅरिनिक आम्ल तयार होतं. ते धातूंना चिमट्यासारखं पकडून पाण्यात ठेवतं. प्लुटोनियम, थोरियम यांच्यासाठी ते कुप्रसिद्ध आहे, पण शिसं आणि निकेलही त्यातून सुटत नाहीत. उपकरणांवरचा किरणोत्सर्गी मळ धुऊन काढायच्या द्रवातलं ईडीटीए हे रसायनही तेच करतं. म्हणून सिमेंटची कृती कितीही चांगली असली तरी पिंपात किती चिंध्या आहेत हे विचारल्याशिवाय मी विद्राव्यतेचा आकडा कुणाला देत नाही. काँक्रीट पातळ करायला घालतात त्या सुपरप्लास्टिसायझरबद्दलही हीच सावधगिरी.

आता जमिनीखाली. वर १० घनमीटर पाण्याचं उदाहरण घेतलं होतं, तेच पुढे नेऊ. पोर्टलँडाइट लीटरभर पाण्यात सुमारे १.६ ग्रॅम विरघळतं. म्हणजे वर्षाला १० घनमीटर पाणी १६ किलो पोर्टलँडाइट नेतं. कक्षात ते हजार टन असेल तर १२.५ चा पीएच साठेक हजार वर्षं टिकेल. पाणी दहापट झालं तर सहा हजार. साठवणजागेच्या सुरक्षेचं निम्मं गणित या एका राशीत आहे, आणि ती सिमेंटच्या कृतीत नसते, खडकाच्या भेगांत असते. अर्थात हे सगळं पाणी ठोकळ्यांमधून पाझरून संपृक्त होईल असं गृहीत धरून. ठोकळ्याला मोठी भेग गेली असेल तर पाणी तिथून सरळ निघून जातं, भेगेच्या कडा कॅल्साइटनं लिंपल्या जातात, आणि त्या पाण्याला आतल्या अल्कलीची फारशी ओळखच होत नाही.

स्वीडनमध्ये फोर्समार्कला बाल्टिकच्या तळाखाली १९८८ पासून कमी आणि मध्यम पातळीच्या कचऱ्याची साठवणजागा चालू आहे. तिथल्या काँक्रीटच्या सायलोभोवती बेंटोनाइट मातीचा थर आहे, तो पाण्याचा वेग इतका कमी करतो की धातू विसरणानंच बाहेर पडू शकतात. मिठाच्या खाणीत वेगळाच हिशेब लागतो. मॅग्नेशियम भरपूर असलेलं खारं पाणी पोर्टलँड सिमेंटला खातं, म्हणून जर्मनीत आस्सेच्या खाणीत मॅग्नेशियावर आधारलेलं सोरेल काँक्रीट वापरलं आहे. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत, सुमारे ६५५ मीटर खोल मिठात, १९९९ पासून युरेनियमोत्तर मूलद्रव्यांचा कचरा पुरला जातो. तिथं पिंपांवर मॅग्नेशियम ऑक्साइडच्या पिशव्या ठेवतात. ते कार्बन डायऑक्साइड शोषून पीएच ९ च्या आसपास राखतं. या जागेला किरणोत्सर्गाच्या परवानगीसोबत राज्याच्या पर्यावरण खात्याची घातक कचऱ्याची परवानगीही लागते.

जर्मनीतच कोनराड ही जुनी लोहखाण आहे. २००२ च्या परवान्यासोबत तिला जलकायद्याखालची परवानगीही घ्यावी लागली, आणि तीत किरणोत्सर्गी नसलेल्या हानिकारक पदार्थांवर मर्यादा आहेत. परिणामी प्रत्येक पिंपात काय आहे याचं रासायनिक वर्णन द्यावं लागतं. जुन्या, अर्धवट नोंदींच्या पिंपांसाठी हे फार कष्टाचं काम आहे, पण माझ्या मते हेच योग्य आहे. किरणोत्सर्गाची मोजणी पिंप न उघडता बाहेरून बऱ्यापैकी होते. कॅडमियमचा पत्रा आत आहे की नाही हे गॅमा मापक सांगत नाही.

बाहेर पडलेल्या धातूचं पुढे काय, हेही पाहा. कक्षातलं पाणी लीटरमागे १० मिलिग्रॅम शिसं घेऊन निघालं तरी ते पिण्याच्या मर्यादेच्या हजारपट आहे. ती हजारपट घट कुठेतरी व्हायला हवी. थोडी कक्षाच्या काठावरच होते: अल्कधर्मी पाणी खडकातल्या साध्या पाण्यात मिसळतं, पीएच उतरतो, शिसं आपल्या दरीत येऊन निक्षेपित होतं. काही चिकणमातीवर आणि लोहाच्या ऑक्साइडवर अधिशोषलं जातं. उरलेलं काम भूजलातलं विरळीकरण करतं. क्रोमेटसाठी यातलं फारसं काहीच लागू पडत नाही. जॉर्डनमध्ये मकारिन इथं निसर्गतःच सिमेंटसारखी खनिजं बनली आहेत आणि तिथले झरे १२.५ च्या आसपास पीएचचे आहेत. साठवणजागेचा नैसर्गिक नमुना म्हणून त्यांचा कसून अभ्यास झाला. त्या पाण्यात क्रोमेट आणि सेलेनियम ठळकपणे दिसतात. अल्कलीच्या हजारो वर्षांनी कोण मोकळं राहतं याचा तो चालता पुरावा आहे.

तेव्हा तुमच्या हातात एखादा अहवाल असेल तर त्यात मी काय शोधेन ते सांगतो. शिशासाठी पीएच १२.५ ते १३.३ मधले आकडे. कॅडमियम आणि निकेलसाठी ८ ते १० मधले, शक्य तर जागेवरच्या खाऱ्या पाण्यात. क्रोमियमसाठी दोन्ही संयुजा वेगवेगळ्या मोजलेल्या, ताज्या आणि कार्बोनेशन झालेल्या नमुन्यात. पाण्याच्या प्रत्येक टप्प्यावरचा पीएच, कारण तो नसेल तर बाकीचे आकडे वाचताच येत नाहीत. कोरा सिमेंट नमुना. पिंपातल्या सेल्युलोजचा आणि बांधणाऱ्या रसायनांचा अंदाज. आणि कक्षातून वर्षाला जाणाऱ्या पाण्याचा आकडा, भूजलतज्ज्ञानं सही केलेला. यातलं शेवटचं नसेल तर दाबशक्तीचा तक्ता आणि टीसीएलपीचं प्रमाणपत्र बाजूला ठेवा आणि आधी तो मागवा.